लेबलावरची रेघ

करीमभाई मण्यार दुपारच्या नमाजाला निघायच्या आधी माझ्या मेडिकलमध्ये यायचे. अंगातला कळकट शर्ट बाहेर पायरीवर काढायचे, काउंटरच्या आत शिरायचे आणि सलाईनच्या खोक्यांमागे खिळ्याला अडकवलेला पांढरा सदरा घालून मशिदीकडे चालू लागायचे. येताना उलट क्रम. गिऱ्हाइकं बघत राहायची. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, "हे तुमचे भागीदार का हो?"

भागीदार नव्हे, शेजारी. जळगावात दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं औषधाचं दुकान आणि त्याला लागून त्यांचं रिकाम्या बाटल्यांचं गोडाऊन. हॉटेलं, बार, ढाबे, लग्नाची लॉन, सगळीकडच्या रिकाम्या बाटल्या गोण्यांत भरून त्यांच्याकडे यायच्या. क्वार्टर वेगळ्या, खंबे म्हणजे मोठ्या बाटल्या वेगळ्या, पांढरी काच वेगळी, तपकिरी वेगळी. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याच्या हौदात भिजवून लेबलं काढायची, बाटल्या धुवायच्या आणि फिनेलवाल्यांना नाहीतर काचेच्या कारखान्याला पाठवायच्या. गोडाऊनमध्ये कायम शिळ्या दारूचा वास असायचा. तो कपड्यांना लागतो आणि त्या वासाने नमाजाला उभं राहायचं नाही, म्हणून चांगला सदरा माझ्याकडे. औषधाच्या वासाला त्यांची हरकत नव्हती.

त्यांचे आजोबा पारोळ्याकडच्या खेड्यांतून बांगड्या विकत फिरायचे. "आम्ही काचना मानसे," ते म्हणायचे. "आजानी बायास्ना हातमा काच भरी, मी बठ्ठास्नी काच उचली ऱ्हायनू." म्हणजे आजोबांनी बायकांच्या हातात काच भरली, हे सगळ्यांची काच उचलतात. बोलणं असं अस्सल अहिराणी. मी जळगावचा, माझी अहिराणी कच्ची, आणि मी प्रमाण मराठीत काही सुनावलं की ते मुद्दाम अजून ठेवणीतली अहिराणी काढायचे. मला ते शेवटपर्यंत 'डाक्टर' म्हणत राहिले. मी डॉक्टर नाही, साधा फार्मासिस्ट आहे, हे सांगून माझं तोंड दुखलं.

उभ्या आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. आणि व्हिस्की म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवलं.

झालं असं की परदेशात असलेल्या माझ्या पुतणीने येताना माझ्यासाठी एक बाटली आणली. काकांना आवडेल म्हणून. आता काकांचं ज्ञान किती? पन्नाशी उलटेपर्यंत हायवेवरच्या हॉटेलात वेटर जे आणेल ते सोडा घालून प्यायचं, एवढंच. बाटलीवर इतकं बारीक इंग्रजी लिहिलं होतं की औषधाच्या खोक्यावरही नसतं. ओळखीच्या वाईन शॉपवाल्याला विचारायला गेलो तर तो चार लोकांदेखत म्हणाला, "शेठ, भारी माल आहे, सोडा नका घालू, लोक हसतील." त्याला स्वतःला काही सांगता आलं नाही ते वेगळंच. पण मी ओशाळलो. दुपारी बाटली पिशवीत घालून, कुणी बघत नाही असं पाहून करीमभाईंच्या गोडाऊनमध्ये गेलो.

त्यांनी हात सोड्याच्या पाण्यातून काढून पुसले. बाटली घेतली आणि सरळ उलटी बाजू फिरवली.

"पहिले मांगली बाजू वाचानी, डाक्टर. म्होरली बाजू नवरदेव ऱ्हास. मांगली बाजू त्याना घरना लोके."

म्हणजे पुढचं लेबल नटूनथटून बसलेलं असतं. खरी चौकशी मागच्या लेबलाकडे करायची. मग त्यांनी चार-पाच देशी बाटल्या ओळीने मांडल्या आणि मागची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली. न्यूट्रल स्पिरिट, थोडं माल्ट, रंगासाठी कॅरॅमल. "हाई आपली रोजनी," ते म्हणाले. उसाच्या मळीपासून स्पिरिट काढायचं, त्यात सातूची, म्हणजे बार्लीची, थोडी व्हिस्की मिसळायची, जळालेल्या साखरेचा रंग द्यायचा. म्हणजे रंग गडद दिसला की दारू जुनी, ही माझी आयुष्यभराची समजूत तिथेच निकालात निघाली.

माझ्या बाटलीवर 'सिंगल माल्ट' होतं. मी म्हटलं, सिंगल म्हणजे एकाच पिंपातली ना? त्यांनी कपाळाला हात लावला. "सिंगल म्हंजे एक मिल. तूर मंग दहा गावनी ऱ्हावो." डाळमिलच्या गावात हे लगेच समजतं. तूर दहा गावांची असली तरी डाळ एका मिलची. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, त्याची दारू गाळून लाकडी पिंपात ठेवायची, आणि सगळं एकाच भट्टीत झालेलं. पिंपं कितीही असोत. आणि दोन-चार मिलची डाळ एकत्र करून, त्यात मका-गव्हाच्या दारूची भर घालून विकली की 'ब्लेंडेड'. अमेरिकेची 'बर्बन' निम्म्याहून जास्त मक्याची, आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपातली. आणि काही बाटल्यांना धुराचा वास येतो तो सातू वाळवताना खाली दलदलीतली, कुजलेल्या झाडपाल्याची जुनी माती जाळतात म्हणून. "भरीतनं वांगं काट्यास्वर भाजतस ना, तसं," असं कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं उदाहरण देऊन त्यांनी मला एका रिकाम्या बाटलीचं तोंड हुंगायला दिलं. त्या बाटलीत खरंच धुरकट वास होता. भरताचा मला नाही आला, पण मी हो म्हणालो.

"आणि लेबलावरचा हा बाराचा आकडा?" मी विचारलं.

"तुमना गोळीवर तारीख म्होरली ऱ्हास, कधी मरी ती. आठे मांगली. बारा वरीस पिंपमा व्हती. काचमा उनी का तिनं वय थांबी गयं." म्हणजे औषधावर संपण्याची पुढची तारीख, इथे मागे गेलेली वर्षं. मग म्हणाले, "आनि दहा पिंपे मिसळे ना, तरी वय धाकलानं सांगानं."

पिंपं वीस वर्षांची असोत, त्यात एक बारा वर्षांचं मिसळलं तर लेबलावर बारा. घरातल्या धाकट्याचं वय. मी म्हटलं, "करीमभाई, न पिता एवढं कसं कळतं हो तुम्हाला?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "पुस्तक वाचाले पुस्तक खावं लागस का?"

इंग्रजी मात्र त्यांना अक्षर लावून लावून वाचता यायचं. अर्थ सांगायचे फालक सर. फालक सर रावेरकडचे, शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, मुलाकडे आमच्याच गल्लीत राहायला आलेले. चार वाजता ते काठी टेकत गोडाऊनमध्ये यायचे. हौदातून अख्खी निघालेली साध्या बाटल्यांची लेबलं करीमभाई तारेवर वाळत घालायचे, त्यांतलं एखादं सर चष्म्याजवळ धरायचे. अक्षरांची वळणं, सोनेरी किनार, हरणाची शिंगं यांवर ते तासभर बोलू शकत. दोघांचं भांडणही व्हायचं. एकदा एका बिल्डरने कौतुकाने आणलेल्या बाटलीच्या नावात पंचवीसचा आकडा होता आणि बिल्डर सगळ्यांना पंचवीस वर्षांची म्हणून सांगत सुटला होता. करीमभाईंनी मागची बाजू वाचून सांगितलं, वय कुठेच लिहिलेलं नाही, हा नुसता नावातला आकडा. सर म्हणाले, "अहो, त्याचा आनंद कशाला घालवता?" करीमभाई म्हणाले, "सर, लेबल खोटं बोलत नही. मानूस वाचाना कटाळा करस." दोन दिवस बोलणं बंद होतं.

आता त्यांच्या नियमाविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नियमाशी येऊन थांबतं.

स्वस्त बाटल्यांना कुणी विचारत नाही. महागड्या बाटलीचं तसं नाही. लेबल शाबूत, बूच शाबूत असेल तर तिच्यात काहीही भरून विकणारे लोक असतात. अशी बाटली आली की करीमभाई मोठा खिळा घेऊन लेबलावर आडवी रेघ ओढायचे, कागद फाटून काचेवर ओरखडा उठेपर्यंत. मग कोपऱ्यातल्या पिंपात ती फोडायचे. "मना गोडाऊनमाईन भारी बाटली आखी जावाव नही," हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. एकदा गाडीतून दोघे आले होते. नुसत्या रिकाम्या भारी बाटल्यांना मागाल तो भाव द्यायला तयार होते. करीमभाईंनी त्यांच्या समोर त्यांनी बोट दाखवलेली बाटली उचलली, रेघ ओढली आणि पिंपात आपटली. ते गेल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

एक निळसर, चौकोनी खांद्यांची बाटली आली होती. तिच्यावर हाताने काढल्यासारखं एका नदीचं चित्र होतं. सर तिच्यावरून नजर काढेनात. "करीमभाई, आठ दिवस द्या. चित्र काढतो हिचं." करीमभाईंनी खिळा हातात घेतला होता, तो खाली ठेवला. सरांकडे तर जाते आहे, सरांच्या टेबलावर तर राहणार आहे. आठ दिवसांचे चार महिने झाले. सरांनी चित्र सुरेख काढलं, जलरंगात. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून बाटलीच्या मागच्या अंगाला त्यांनी काचेवर उमटणाऱ्या निळ्या मेणपेन्सिलीने बरोबर मधोमध उभी रेषा मारली होती. शाळेत मुलांना शिकवायचे तशी. ती रेषा आम्ही दोघांनीही पाहिली होती.

त्या वर्षी दिवाळी होऊन महिना झाला असेल. सकाळी करीमभाई माझ्या दुकानात आले ते कामाच्या शर्टावर, पायरीवर न काढता. हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्याआधी तासभरच गल्लीत बातमी आली होती की दिलीप वायरमनला दवाखान्यात नेलं आहे. परवा रात्री कुण्या ठेकेदाराने शेतावर पार्टी दिली, तिथे दिलीप लायटिंग करायला गेला होता, त्यालाही बसवून घेतलं. पहाटेपासून त्याला सगळं पांढरं-पांढरं दिसत होतं. ठेकेदाराचा ड्रायव्हर तर वारला होता. दिलीप चौतिशीचा. माझ्या दुकानाचं वायरिंग त्याचं, करीमभाईंच्या गोडाऊनचंही त्याचंच.

करीमभाईंनी पोतं उघडलं. त्याच शेतावरून आलेल्या गोणीत सापडलेली बाटली. निळसर काच, नदीचं चित्र, नवं कोरं बूच. त्यांनी ती फिरवली. मागे निळी रेषा, खालून अर्धी पुसलेली.

"तीच शे," ते म्हणाले आणि माझ्या स्टुलावर बसले. तळाशी उरलेल्या थेंबांचा वास मी घेतला. आमच्या धंद्यात स्पिरिट ओळखता येतं. हा पिण्याच्या दारूचा वास नव्हता, कारखान्यातल्या विषारी स्पिरिटचा होता.

आम्ही दोघे सरांकडे गेलो. करीमभाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, ती बाटली?" सर एकदम चिडले. "नका विचारू! दिवाळीच्या साफसफाईत सूनबाईंनी भंगारवाल्याला देऊन टाकली. दोन दिवस जेवलो नाही मी." आतून मनीषा, त्यांची सून, हसत हसत पाणी घेऊन आली. "चाचा, तुम्हीच समजवा बाबांना. अजून रुसलेत." तिच्या कडेवर लहान मुलगी होती. करीमभाईंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पाणी प्यायले आणि उठले.

रस्त्यात मी म्हटलं, आता काय करायचं?

"मी पोलिसमा जास. बाटली मना गोडाऊननी, असं सांगस."

"पण ती तर मनीषाने..."

"तिनी घर झाडं, डाक्टर. तिनं काय चुकनं? रेघ मी वढी नही." मग उभे राहिले आणि माझा दंड धरला. "तिले कधी सांगानं नही. सरले बी नही. तिले मंग दिलीपले सोतानं तोंड दखाडता येवाव नही."

मी कबूल केलं. आजही मला कळत नाही, ते चांगलं केलं की वाईट. तेव्हा तर मला थोडं बरंच वाटलं होतं, की जबाबात माझं नाव येणार नाही. हे लिहिताना लाज वाटते.

त्यांनी बाटली दिली, गाडीतून आलेल्या त्या दोघांचं वर्णन दिलं, आणि त्यावरून भरणारे सापडलेही. पण गोडाऊनला सील लागलं. तपास, तारखा, चकरा. गल्लीत बोललं जाऊ लागलं, मण्यारानेच विषाच्या बाटल्या पुरवल्या. नमाजाला जाणारा माणूस, धंदा बघा कसला. मी दुकानात बसून ऐकायचो आणि गिऱ्हाइकाला त्याची गोळी द्यायचो.

सगळ्यात जास्त चिडले ते फालक सर. करीमभाई त्यांना भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. सरांनी दारातच थांबवलं. "उभ्या गावाला नियम सांगत होतात तुम्ही! माझ्यासारख्याने विश्वास ठेवला. त्या पोराचे डोळे गेले, करीमभाई. परत या घराची पायरी चढू नका." मागे भिंतीवर ते चित्र लावलेलं होतं. करीमभाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून म्हणाले, "बरोबर शे, सर." आणि आम्ही परतलो. माझ्या जिभेवर शब्द आले होते. एका वाक्याने सगळं बदललं असतं. पण करीमभाईंनी पाठीमागून माझ्या सदऱ्याला धरून ठेवलं होतं.

दिलीपकडे मात्र ते जात राहिले. त्याच्या आईने दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा बसू दिलं. एकदा मी औषधं द्यायला गेलो तर दोघे ओट्यावर बसले होते. दिलीपने विचारलं, "चाचा, त्या बाटलीवर काय लिहिलं होतं हो? इंग्रजी होतं, मी वाचलं नाही. चित्र तेवढं पाहिलं, नदीचं." करीमभाईंनी त्याला ते सगळं सांगितलं, पाठ असल्यासारखं. कुठल्या डोंगरातली, कुठल्या नदीच्या पाण्याची, किती वर्षं पिंपात, कुठल्या लाकडाच्या. दिलीप नजर एकीकडे लावून ऐकत होता. "एवढी भारी होती का?" तो म्हणाला. करीमभाई म्हणाले, "हां बेटा. तिनामा जे व्हतं ना पहिले, ते भारी व्हतं." मला तिथे थांबवेना. औषधं आईच्या हातात देऊन मी निघालो.

सर दोन वर्षांनी गेले. झोपेतच गेले. करीमभाईंशी ते त्या दिवसानंतर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना काहीही न कळता ते गेले आणि करीमभाईंना तेच हवं होतं. पण अंत्ययात्रा गल्लीतून निघाली तेव्हा गोडाऊनच्या सील लागलेल्या दाराशी उभे राहून ते लहान मुलासारखे रडत होते. खांदा द्यायला पुढे झाले नाहीत. मी बोलावलं तर मान हलवून नाही म्हणाले.

दहाव्यानंतर मनीषाने त्यांना निरोप पाठवला, येऊन जा म्हणून. मी बरोबर गेलो. करीमभाई तोवर खूप वाळले होते. धुळ्याच्या मुलीकडे कायमचं जायचं त्यांचं ठरलं होतं. मनीषाने आम्हाला बसवलं, दार लोटून घेतलं आणि उभीच राहिली.

"चाचा, एक विचारू? बाबा असेपर्यंत कधी विचारता आलं नाही. तुम्ही त्या दिवशी बाटलीची चौकशी करायला आला होतात. आणि संध्याकाळी पोलिसांत गेलात. दोन वर्षं माझ्या डोक्यात तेच आहे. दिलीपची आई रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलते. चाचा, खरं सांगा. ती मी भंगारात दिलेली बाटली होती ना?"

मी करीमभाईंकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत राहिलो.

"नही बेटा," ते म्हणाले. अगदी शांत, रोजच्या आवाजात. "तुनी बाटली भंगारवालाकडथीन मनाकडेच उनी व्हती. मी सोता रेघ वढी, सोता फोडी. तेच सांगाले उंथू त्या दिन, सर रागावतीन म्हनीसन बोलनू नही. पार्टीमाधली येगळी व्हती. ती मनी चूक."

"खरंच?"

"मी कधी लेबल चुकीनं वाचं शे का?"

मनीषा खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली, बराच वेळ. नंतर डोळे पुसून चहा करायला आत गेली. आतून कपबश्यांचा आवाज येऊ लागला. मग तिने मुलीला हाक मारून सांगितलं की चाचांना बिस्किटं नेऊन दे. दोन वर्षांत तिचा इतका मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

करीमभाई चहा प्यायले. मुलीने दिलेली दोन्ही बिस्किटं खाल्ली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डाक्टर, आता मांगली बाजू वाचनारा तुम्ही एकलाच शे," आणि धुळ्याला जायला बस स्टँडच्या रिक्षात बसले.